बग ट्रायाजची (आलेल्या बगची छाननी करून लेबल लावायची, बंद करायची) परमिशन व्हॉलंटियर्सना द्यावी का?

प्रश्न:
आमचं देवनागरी कीबोर्डचं छोटं ओपन सोर्स ॲप आहे, रेपो (ॲपचा सगळा कोड ठेवलाय ती जागा) गिटहबवर माझ्याच अकाउंटला, मेंटेनर म्हणजे ॲप सांभाळणारे आम्ही दोघंच आणि दोघांनाही नोकऱ्या. 'दऱ्या टाइप केलं की दर्या उमटतं' हा एकच बग लोकांनी पाच वेगवेगळ्या नावांनी टाकलाय. दोन जण गेले तीन महिने स्वतःहून प्रत्येक इश्यूवर (लोकांनी टाकलेल्या तक्रारीवर) विचारतायत की अँड्रॉइड कुठलं, ॲपचं व्हर्जन काय, जुन्या इश्यूची लिंकपण देतात, पण त्यांना साधं लेबल लावता येत नाही, ते मीच रात्री बसून लावतो. परमिशन द्यायचीय पण कोडला हात लागायला नको. काय करू?

उत्तर १:
द्या बिनधास्त. गिटहबवर 2019 पासून ट्रायाज नावाचा वेगळा रोलच आहे. लेबल लावणं, इश्यू बंद करणं, परत उघडणं, डुप्लिकेट मार्क करणं, असाइन करणं एवढं जमतं, पुश आणि मर्ज, म्हणजे कोडमध्ये बदल टाकणं, नाही. नवीन लेबल बनवता येत नाही म्हणून ती आधीच तयार ठेवा. पण पर्सनल अकाउंटच्या रेपोत हा रोल मिळतच नाही, तिथे कोलॅबोरेटर केलं की सरळ पुश करता येतं, म्हणजे तुम्हाला जे नकोय तेच. गिटहबवर फुकटचं ऑर्गनायझेशन (टीमचं अकाउंट) काढून रेपो तिकडे हलवा, जुन्या लिंका चालू राहतात.

उत्तर २:
मी म्हणेन टप्प्याटप्प्याने द्या. फायरफॉक्सवाल्या मोझिलाच्या बगझिलात (त्यांच्या बग नोंदवायच्या सिस्टीममध्ये) आधी फक्त बग कन्फर्म करायची परमिशन असते, दुसऱ्यांच्या बगमधली फील्डं बदलायची वेगळी. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांकडे बॉट आहे, कमेंटमध्ये त्याला सांगून ठरावीक लेबलं कुणीही लावू शकतं. आणि ट्रायाज चांगलं करतो म्हणून पुढे आपोआप राइट ॲक्सेस (कोड बदलायची परमिशन) देऊ नका, 2024 मध्ये एक्सझेड या फाइल कॉम्प्रेस करायच्या ओपन सोर्स टूलमध्ये बॅकडोर (लपवलेली चोरवाट) घातला तो वर्षानुवर्षं मदत करून मेंटेनर झालेल्या माणसानेच.

उत्तर ३:
मी दुसऱ्या बाजूने सांगते. मला एका प्रोजेक्टात ही परमिशन मिळाली तेव्हा कुणी काहीच सांगितलं नव्हतं, मी 'माहिती अपुरी' म्हणून भराभर इश्यू बंद केले, त्यातला एक बग खरा निघाला आणि तो टाकणारा माणूस परत कधी आलाच नाही. मला अजून वाईट वाटतं त्याचं. म्हणून बंद करण्याआधी कारण लिहायचं, किती दिवस थांबायचं, एवढं तरी लिहून द्या त्यांना.

प्रश्नकर्ता:
थँक्स सगळ्यांना. ऑर्गनायझेशन आजच काढतो, नियम त्या दोघांनाच सोबत घेऊन लिहितो, दोन आठवडे थांबायचं असं सध्या डोक्यात आहे.