सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) नुसता 'टक' करतोय. २००३ ची मारुती ८००, घरीच बदलायचा विचार आहे. मदत हवी

औसेकर_८०० | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. औशाच्या पुढं आमचं खेडं. गाडी वडिलांची, मारुती ८००, २००३ चं मॉडेल, एमपीएफआय (म्हणजे कार्ब्युरेटर नाही, इंजेक्शनवाली). आरसीची पंधरा वर्षं २०१८ ला संपली, तेव्हा पाच वर्षं वाढवून घेतली, २०२३ ला परत. म्हणजे २०२८ पर्यंत तरी आम्ही दोघं कायदेशीर आहोत, गाडी आणि मी.

दुखणं असं. चावी फिरवली की 'टक'. एकदाच. इंजिन हलत नाही. आठ-दहा वेळा चावी मारली की एखाद्या वेळी रडतरडत फिरतं आणि मग गाडी चालू. गाडी तापलेली असली की जास्तच. तीन आठवडे झाले, गाडी मारुतीच्या पारापुढच्या उतारालाच लावतो. चावी ऑन, दुसरा गिअर, सोडली खाली, क्लच सोडला की चालू. पण परवा बाबांना घेऊन लातूरच्या मार्केट यार्डात सोयाबीनचा भाव बघायला गेलो, तर जागा मिळाली सपाट. चार हमालांनी धक्का दिला. बाबा मागच्या सीटवरून एवढंच म्हणाले, "इकून टाक."

बॅटरी वर्षभराची आहे, टर्मिनल घासून झाले. गावातल्या मिस्त्रीनं बोनेट न उघडताच "सेल्फ गेला, नवा टाका" सांगितलं आणि तो सध्या मळणीयंत्रांत इतका गुंतलाय की दिवाळीनंतर ये म्हणतो. माझ्याकडं रिंग पाने, गोटी (सॉकेट) सेट, जॅक आणि शाळेतला मल्टीमीटर आहे (मी मास्तर, गणिताचा). खरंच सेल्फच गेलाय हे कसं ठरवायचं? आणि खड्डा नसताना अंगणात तो काढता येतो का?

बीडचा_भाऊ | सोमवार, रात्री १०:०५

मपल्या ८०० चं सेम झालतं. खाली वाकून सेल्फच्या बॉडीला पान्यानं हलकं टकटक करा, दुसऱ्यानं त्याच वेळी चावी मारायची. उचलला तर कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला टेकून करंट देणारे तुकडे) झिजलेत समजायचं. मी असं सहा महिने काढले 😀

सेवानिवृत्त_वायरमन | सोमवार, रात्री १०:३०

बीडकरांचा उपाय चालतो, पण हातोडी घेऊन सुटू नका. काही सेल्फमध्ये फील्ड कॉइलऐवजी चुंबक चिकटवलेले असतात, जोरात ठोकलं की ते तडकतात. मग आहे तोही जाईल. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, आणि चावीवर बसणारा माणूस शहाणा हवा.

मास्तर, तुमच्याकडं मीटर आहे ना, मग अंदाज कशाला? आधी फुकटातली तपासणी. अंधारात हेडलाइट लावा आणि चावी मारा. लाइट पार मालवायला आला तर बॅटरी नाहीतर जोडण्या कच्च्या, किंवा सेल्फ आत जाम होऊन करंट ओढतोय. लाइट जसाच्या तसा आणि नुसतं टक, म्हणजे मोटरपर्यंत करंट पोचत नाही, नाहीतर पोचून आत शिरत नाही.

मग मीटर. उभ्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते, १२.२ म्हणजे अर्धीच. इंजिन फिरत असताना साडेनऊच्या खाली पडली तर बॅटरीवरच संशय. एवढं करून आकडे टाका.

औसेकर_८०० | मंगळवार, सकाळी ७:१५

उभी बॅटरी १२.५. टक वाजतं तेव्हा लाइट किंचित हलतो, मालवत नाही. टकटक करून एकदा उचलला तेव्हा १०.८ दाखवत होता, पण फिरत होता म्हाताऱ्या बैलासारखा.

सेवानिवृत्त_वायरमन | मंगळवार, सकाळी ८:००

बॅटरी ठीक आहे. म्हणजे ती देतेय, पण वाटेत कुणीतरी खातंय. आता असं करा. मीटरची काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर (क्लॅम्पवर नाही, खुद्द शिशावर) आणि लाल पिन इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन फिरत असताना आकडा ०.२, फार तर ०.३ च्या आत पाहिजे. जास्त आला तर अर्थिंग खराब. मग तसंच पॉझिटिव्ह खुंटी ते सेल्फचा जाड वायरीचा बोल्ट. तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं.

सेल्फ शंभराच्या वर अँपिअर ओढतो, आणि जेवढा करंट जातो तेवढाच परत यावा लागतो. लोक लाल वायर चकाचक करतात आणि काळीकडं बघत नाहीत.

औसेकर_८०० | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

काका, लाल बाजू ०.३. काळी बाजू १.४!! दोनदा मोजलं. पोराला चावीवर बसवलं होतं, तो म्हणे पप्पा, परत करू का. त्याला मजाच वाटायलीय.

खाली वाकून बघितलं तर इंजिनची अर्थ पट्टी चिखलात बुडालेली. आपली काळी माती, पावसाळाभर शेतरस्त्यानं उडालेली, वाळून सिमेंट झालेली. पट्टीचा बोल्ट सोडला तर वायसरखाली हिरवं-पांढरं फूल आलेलं. पॉलिश पेपरनं दोन्हीकडं घासून, व्हॅसलीन लावून आवळली. आता ०.२. आणि सेल्फ पहिल्या फटक्याला! बाबांना बोलवून दाखवलं. बाबा म्हणाले, उद्या बघू.

बीडचा_भाऊ | मंगळवार, रात्री ८:१०

अभिनंदन मास्तर! धागा बंद करा, पेढे द्या.

सेवानिवृत्त_वायरमन | मंगळवार, रात्री ८:४५

पेढे थांबवा. अर्थिंगनं सेल्फ सावकाश फिरतो हे खरं, पण टकटक केल्यावर उचलणं हे अर्थिंगचं लक्षण नाही. तुमचे बाबा बरोबर बोलले.

औसेकर_८०० | शुक्रवार, दुपारी २:२०

बाबा बरोबर बोलले. दोन दिवस मस्त चालली आणि आज शाळा सुटल्यावर मैदानात परत 'टक'. सातवीच्या वर्गानं धक्का दिला.

सेवानिवृत्त_वायरमन | शुक्रवार, दुपारी ३:००

आता शेवटची तपासणी. सेल्फवर बसलेल्या नळकांड्याला, म्हणजे सोलेनॉइडला, दोन जाड बोल्ट असतात. एकावर बॅटरीची वायर. दुसऱ्यावरून आखूड जाड वायर मोटरच्या पोटात जाते. मीटर या दुसऱ्या बोल्टवर आणि बॉडीवर लावा. चावी मारल्यावर टक होऊन तिथं बारा व्होल्ट आले आणि मोटर फिरली नाही, तर मोटरच गेली: कार्बन नाहीतर आर्मेचर (आतला फिरणारा भाग). टक झालं आणि तिथं काहीच आलं नाही, तर सोलेनॉइडमधले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळालेत, मोटर चांगली असू शकते.

कार्बन पार सुटले की कधीकधी टकसुद्धा येत नाही. कारण प्लंजर, म्हणजे सोलेनॉइडमधली सरकणारी दांडी, ओढणारी कॉइल आपली अर्थिंग मोटरच्या पोटातूनच घेते. म्हणून टक नाही म्हणजे सोलेनॉइड गेलं, असं डोळे झाकून धरू नका.

औसेकर_८०० | शुक्रवार, संध्याकाळी ७:३०

बारा आले. मोटर ढिम्म. म्हणजे काढावाच लागणार. उद्या शनिवार, अर्धा दिवस शाळा. कसा काढू सांगा.

गोदाकाठ_गंगाखेड | शुक्रवार, रात्री ९:००

मी दोनदा काढलाय, जास्त अवघड नाही, हात मात्र सोलून निघतात. सगळ्यात आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा, दहाचा पाना. जाड लाल वायरीला फ्यूज नसतो, पाना तिच्या नटावर असताना बॉडीला टेकला तर वेल्डिंगच होतं. माझ्या अंगठीचा किस्सा सांगत नाही. अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा, बस.

गाडी उचलणार असाल तर जॅकच्या भरवशावर खाली जायचं नाही. आपल्याकडं लोक विटा लावतात. वीट दाबानं फुटते, आधी सांगत पण नाही. बाभळीचा जाड ओंडका नाहीतर स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड.

मग सेल्फच्या जाड वायरीचा नट, बारीक वायरीची टोपी, आणि सेल्फ धरून ठेवणारे बोल्ट. बाराचा आणि चौदाचा दोन्ही गोटी जवळ ठेवा. आदल्या रात्री बोल्टवर गंज उडवायचा स्प्रे मारा, नसला तर डिझेल सोडा. वरचा बोल्ट दिसत नाही, हातानं चाचपून गोटी बसवावी लागते. घाई केली की कोपरे गोल होतात आणि मग रडायचं. शेवटचा बोल्ट सोडताना एक हात सेल्फखाली, तीन-चार किलोचं धूड आहे, तोंडावर येतं.

औसेकर_८०० | शनिवार, संध्याकाळी ५:४०

निघाला! वरच्या बोल्टनं दोन तास घेतले. शेवटी रिंग पान्यावर मोटारपंपाचा लोखंडी पाइप चढवला तेव्हा 'कटाक' झालं. मला वाटलं बोल्ट तुटला, पण सुटला होता.

मागचं झाकण उघडलं. कार्बन चारपैकी दोन तर नखाएवढे उरलेत, एकाची स्प्रिंग धुळीनं जाम, म्हणून तो तांब्याला टेकतच नव्हता. काळी भुकटी चिमूटभर नाही, मूठभर निघाली. पण आर्मेचरच्या ज्या तांब्याच्या पट्ट्यांवर कार्बन घासतात तिथं खोल चर पडलीय आणि शेजारशेजारच्या दोन पट्ट्या काळ्या पडल्यात. पुढच्या बुशमध्ये दांडा लगलग हलतोय. नुसते कार्बन टाकून भागेल का?

सेवानिवृत्त_वायरमन | शनिवार, संध्याकाळी ६:१५

नुसती चर असती तर लेथवर साफ करून, पट्ट्यांमधली अभ्रकाची रेघ खाली खरवडून चालला असता. बुश पण स्वस्तात पडतो. पण शेजारच्या दोन पट्ट्या जळाल्या म्हणजे आतलं वाइंडिंग सुटलंय. त्यावर नवे कार्बन म्हणजे फाटक्या धोतराला जरीचा काठ. पूर्ण सेल्फ बदला. रिकंडिशन चालेल, पण दुकानदारासमोर बॅटरी लावून फिरवून घ्या. जुना सोबत न्या. पिनियनचे (सेल्फच्या पुढच्या दातेरी चाकाचे) दात मोजा, बोल्टच्या कानांची जागा जुळवा, दोन्ही शेजारी ठेवून नाकाची लांबी बघा.

घरी आधी गाडीच्या फ्लायव्हीलचे, म्हणजे सेल्फ ज्या मोठ्या चाकाला फिरवतो त्याचे, दात बघून घ्या. सेल्फ काढलेल्या भोकातून टॉर्च लावून दिसतात. एका जागी खाल्लेले असतील तर नवा सेल्फ पण तिथं घर्र करणार.

औसेकर_८०० | रविवार, रात्री ८:२०

दात ठीक आहेत. लातुरातून रिकंडिशन आणला, जुना दिल्यावर बरेच पैसे कमी झाले. दुकानात फिरवून बघितला, पायाखाली दाबून धरला तरी उसळी मारतो. दात सेम, कान सेम. बसवला, हातानं आटे धरून मग पाना लावला, निगेटिव्ह सगळ्यात शेवटी. चावी मारली.

फिरतोय. पण सावकाश! परवासारखाच. मी पाटावर बसून आहे. बायकोनं चहा आणून ठेवला आणि काही न बोलता आत गेली. दुकानदारानं फसवलं का?

बीडचा_भाऊ | रविवार, रात्री ८:३०

परत करा त्याला!

सेवानिवृत्त_वायरमन | रविवार, रात्री ८:४०

थांबा. रिकंडिशनवाल्यानं सेल्फला रंग मारलाय का? कानांच्या तोंडावर, जिथं गिअरबॉक्सला टेकतो तिथं?

औसेकर_८०० | रविवार, रात्री ८:४५

हो, चंदेरी. सगळीकडं. जुन्यापेक्षा छान दिसतोय.

सेवानिवृत्त_वायरमन | रविवार, रात्री ८:५०

सेल्फला वेगळी काळी वायर नसते. ते तोंड हीच त्याची अर्थिंग. काढा, टेकणारी जागा खरवडून पांढरी करा, गिअरबॉक्सची बाजू पण पुसा. बोल्ट आवळताना जोर बेतानं, तिकडं ॲल्युमिनियम आहे, आटे गेले तर सेल्फपेक्षा महाग पडेल.

औसेकर_८०० | सोमवार, सकाळी ६:५५

रात्री साडेअकराला टॉर्च तोंडात धरून परत काढला. या वेळी वरचा बोल्ट दहा मिनिटांत. रंग खरवडला, इंजिनाकडच्या तोंडावर पण जुनी माती होतीच. बसवला. अर्थिंगचा आकडा ०.१५. चावीला नुसता हात लागला की इंजिन उठतंय.

सकाळी बाबांनी स्वतः तीनदा चालू-बंद करून बघितली. मग गाडी घेऊन गेले आणि पारापुढच्या उतारालाच लावून आले. विचारलं तर म्हणाले, सवय झालीय.

एक राहिलंच. रेडिओचं घड्याळ शून्यावर आलंय, ते कसं लावायचं कुणाला माहीत आहे का?