अँप (अँप्लिफायर) बसवल्यापासून गाडी शिट्टी मारतेय

परवा गाडीत अँप आणि १२ इंची सबवूफर (खर्जातल्या आवाजाचा मोठा स्पीकर) बसवून घेतला. इंजिन बंद असताना आवाज झकास. चालू केलं की स्पीकरमधून कुईंऽऽ, रेस दिली की सूर चढतो. बायको विचारते, डास पाळलाय का?

— रेसबरोबर चढतो म्हणजे अल्टरनेटरचा (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) आवाज. अँपच्या अर्थिंगची वायर उघड्या पत्र्याऐवजी रंगावर आवळलीय का बघा. आरसीए केबल (स्टिरिओकडून अँपला आवाज नेते ती) पॉवरच्या वायरीला चिकटून नेली असेल तर दुसऱ्या बाजूने घ्या.

— डिकीतलं मॅट उचललं. अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टखाली, तेही रंगावर! पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत केला. शिट्टी जवळपास गेली.

— सीटबेल्टचा बोल्ट नको हो, अर्थिंगला वेगळा घ्या. आणि पॉवरच्या वायरीचा फ्यूज बॅटरीपासून वीतभरावर आहे ना?

— फ्यूज डिकीत, अँपला लागून आहे.

— मग आधी बॅटरीवरून ती वायर काढा. मधे कुठे पत्र्याला घासली तर फ्यूज उडणार नाही, वायर पेटेल.