विषय: शेअर्सच्या जोडीला बाँड फंड कुठला?

नमस्कार मंडळी,

सध्या सगळी गुंतवणूक व्हीटी या जागतिक शेअर फंडात आहे. सात-आठ वर्षांनी नागपूरला परत यायचे आहे, म्हणून आता ७० टक्के शेअर आणि ३० टक्के बाँड (रोखे) करायचे ठरवले. ४०१-के, म्हणजे नोकरीतल्या निवृत्ती खात्याच्या यादीत तीन पर्याय दिसतात: कोअर बाँड (दर्जेदार रोखे), स्ट्रॅटेजिक इन्कम (मिश्र रोखे) आणि लाँग ट्रेझरी (अमेरिकी सरकारचे लांब मुदतीचे रोखे). इन्कमवाल्याचे यील्ड (वार्षिक उत्पन्नाचा दर) सर्वांत जास्त आहे, तोच घ्यावा का? की पैसा शेवटी रुपयांतच लागणार म्हणून भारतातला डेट (रोख्यांचा) फंड बरा?

— त्रिमूर्तीनगर, सध्या न्यू जर्सी

भाऊ,

इन्कम फंड घेऊ नका. त्याच्या फॅक्टशीटमध्ये (माहितीपत्रकात) क्रेडिट क्वालिटीचा तक्ता उघडा आणि बीबी व त्याखालच्या रेटिंगची बेरीज करा. ती २५-३० टक्के निघाली, तर तेवढे पैसे कच्च्या कंपन्यांना कर्जाऊ दिलेले आहेत. जास्तीचे यील्ड येते ते तिथूनच. मंदीत शेअर पडतात, त्याच आठवड्यांत हे रोखेही पडतात. २००८ साली अमेरिकेतल्या बड्या कंपन्यांचा निर्देशांक एस अँड पी ५०० लाभांश धरून ३७ टक्के खाली आला, तेव्हा अमेरिकेतले हाय यील्ड, म्हणजे असेच कमी रेटिंगचे रोखे २६ टक्के खाली होते आणि दर्जेदार रोख्यांचा अ‍ॅग्रिगेट निर्देशांक मात्र ५ टक्के वर. शेअर पडल्यावर ज्या डब्यात हात घालायचा तोच अर्धा रिकामा असेल, तर ३० टक्के बाजूला काढले कशाला?

त्यानंतर ड्युरेशनची ओळ बघा. आकडा ६ असेल तर व्याजदर १ टक्का वाढल्यावर एनएव्ही (फंडाच्या एका युनिटचा भाव) अंदाजे ६ टक्के घसरते. लाँग ट्रेझरीत हा आकडा बहुधा १५ च्या आसपास किंवा वर असतो. वीस वर्षांवरच्या ट्रेझरी फंडाने २००८ मध्ये सुमारे ३४ टक्के दिले खरे, पण २०२२ मध्ये ३१ टक्के घालवले, तेही शेअर १८ टक्के पडले त्याच वर्षी. महागाईपायी दर वाढले की शेअर आणि लांब मुदतीचे रोखे एकदम मार खातात. कोअर बाँडही त्या वर्षी १३ टक्के पडला. फरक एवढाच की दर वाढल्यावर फंडात येणारे नवे रोखे जास्त व्याजाचे असतात, त्यामुळे साधारण ड्युरेशनइतकी वर्षे थांबले की खड्डा भरून निघतो. तुमच्या हातात सात-आठ वर्षे आहेत, म्हणून ६ ड्युरेशनचा फंड तुम्हाला बसतो. परतायला तीन वर्षे उरली की त्यातला भाग दरवर्षी शॉर्ट टर्म ट्रेझरी फंडात हलवत जा.

४०१-केच्या बाहेर घ्यायचा झाला तर बीएनडी (अमेरिकी रोख्यांचा फंड) किंवा बीएनडीडब्ल्यू (जगभरच्या रोख्यांचा). दुसऱ्यात परदेशी रोखेही आहेत, पण डॉलरमध्ये हेज केलेले, म्हणजे चलनाच्या चढउताराचा परिणाम काढून टाकलेले. हे हेज फार महत्त्वाचे आहे. २०२२ मध्ये जगभरच्या दर्जेदार रोख्यांचा ग्लोबल अ‍ॅग्रिगेट निर्देशांक डॉलरमध्ये हेज करून ११ टक्के पडला, हेज न करता १६ टक्के. शेअर जागतिक आहेत तर रोखेही तसेच उघडे घ्यावेत असे वाटते, पण रोख्याचे व्याज चार-पाच टक्के आणि चलन वर्षात दहा टक्के हलणार, मग तो फंड रोख्यांचा राहत नाही, चलनाचा सट्टा होतो. युरोपातल्या सभासदांनी याच न्यायाने युरो-हेज्ड ग्लोबल अ‍ॅग्रिगेट बघावा, ब्रिटनमधल्यांनी पाउंड-हेज्ड.

रोख्यांच्या व्याजावर पगारासारखा कर लागतो, म्हणून बाँड ४०१-केमध्येच ठेवा आणि ४०१-के व बाहेरचे खाते मिळून ७०:३० मोजा. प्रमाण पाच टक्क्यांनी सरकल्याशिवाय हात लावू नका. समजा १,००,००० डॉलर आहेत आणि शेअर ३० टक्के पडले. ७०,००० चे ४९,००० झाले, बाँड ३०,००० वरच राहिला, एकूण ७९,०००. शेअरचा वाटा ६२ टक्क्यांवर आला. ७० टक्के म्हणजे ५५,३००, तेव्हा ६,३०० चे बाँड विकून शेअर घ्यायचे. ४०१-केच्या आत हा बदल बिनकराचा होतो. मात्र बाहेर व्हीटी तोट्यात विकून ३० दिवसांच्या आत तोच फंड दुसऱ्या खात्यात घेतला, तर तो तोटा करात धरता येत नाही.

— धरमपेठ, सध्या शिकागो

दादा,

वरच्या मेलला जोड म्हणून रुपयांच्या बाजूचे सांगते. अमेरिकेचे करदाते आहात तोवर भारतातला म्युच्युअल फंड, डेट असो वा इक्विटी, घेऊ नका. अमेरिकेच्या नियमात तो पीएफआयसी (जाचक कर असलेली परदेशी गुंतवणूक कंपनी) ठरतो. बहुतेकांना प्रत्येक योजनेचा वेगळा ८६२१ फॉर्म दरवर्षी भरावा लागतो आणि नफ्यावर चढ्या दराने कर व त्यावर व्याज लागू शकते. एनआरई एफडी (अनिवासी भारतीयांची रुपयांतली मुदत ठेव) चालते. भारतात तिचे व्याज करमुक्त, अमेरिकेत नाही. परदेशी खात्यांची बेरीज वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार (परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकी फॉर्म) भरावाच लागतो. ही एफडी ३० टक्क्यांतच धरा.

परत आल्यावर आरएनओआर (निवासी, पण सामान्यतः निवासी नाही) हा कराचा दर्जा असेपर्यंत डॉलर फंडांच्या उत्पन्नावर भारतात कर नाही, तेव्हा घाईने मोडू नका. पण तुम्ही अमेरिकेचे नागरिक नसाल तर एक गोष्ट लक्षात असू द्या: कायमचे इकडे राहायला आल्यावर अमेरिकेत नोंदलेली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर गेली की वारसांना तिथला इस्टेट टॅक्स (मृत्यूनंतर मालमत्तेवरचा कर) लागू शकतो, वरचा दर ४० टक्के. त्यासाठी आयर्लंडमध्ये नोंदलेले फंड बघतात.

इथे आल्यावर डेट फंडात 'क्रेडिट रिस्क' हे नाव दिसले की पुढे जा. सेबीच्या व्याख्येप्रमाणे त्यात किमान ६५ टक्के पैसे एए व त्याखालच्या रोख्यांत असतात. १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा नफा कितीही वर्षांनी विकला तरी स्लॅबप्रमाणे करपात्र आहे, त्यामुळे एफडीपेक्षा पूर्वी मिळायचा तो फायदा गेला. उरला तो एवढाच की विकेपर्यंत कर भरावा लागत नाही. ज्यांना नक्की तारखेला पैसे लागणार त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवर सरळ सरकारी रोखे घ्यावेत. किमान १०,००० रुपये, व्याज दर सहा महिन्यांनी. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षाच्या घरखर्चाइतके तीन रोखे तीन मुदतींचे घेतले, तर दर वाढोत की उतरोत, त्या-त्या तारखेला मुद्दल हातात पडते. मुदतीआधी विकायला गेलात तर मात्र छोट्या रकमेला गिऱ्हाईक चटकन मिळत नाही आणि भाव पडून येतो, म्हणून दवाखान्याचा पैसा त्यात अडकवू नका, तो लिक्विड फंडात किंवा बचत खात्यात ठेवा.

— महाल, नागपूर