शब्दचर्चा : 'युद्ध पुकारणे' आणि 'युद्ध करणे', राष्ट्रपती आणि राष्ट्राध्यक्ष

डिचोलीहून, शिक्षिका

नववीच्या वर्गात परवा वर्तमानपत्र वाचत होतो. अमेरिकेचे अध्यक्ष काँग्रेसला, म्हणजे तिथल्या कायदेमंडळाला, न विचारता हल्ल्याचा हुकूम देऊ शकतात का, युद्ध पुकारू शकतात का, असा वाद त्यात होता. एका मुलीनं विचारलं, "बाई, अमेरिकेचे ते 'राष्ट्राध्यक्ष' आणि आपल्या त्या 'राष्ट्रपती', असं का? इंग्रजीत दोघांना प्रेसिडेंटच म्हणतात ना? मग आपल्या राष्ट्रपतीसुद्धा हल्ल्याचा हुकूम देऊ शकतात?" मी तिला उद्या सांगते म्हटलं. घरी येऊन शब्दकोश उघडला, तर दोन्ही शब्दांचा अर्थ जवळजवळ सारखाच दिलेला. जाणकारांनी सांगावं.

फोंड्याहून, वर्तमानपत्रात भाषांतर करणारा

बाई, हा फरक मराठीनं वापरातून केलेला आहे आणि तो जपण्यासारखा आहे. हिंदीत दोन्हीकडे राष्ट्रपतीच. आपण मात्र भारताचे ते राष्ट्रपती आणि बाहेरचे ते राष्ट्राध्यक्ष किंवा नुसते अध्यक्ष लिहितो. आपल्या संविधानाच्या ५३व्या कलमात संरक्षण दलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे दिलं आहे, पण ते कायद्यानं नियंत्रित होईल असंही तिथंच म्हटलं आहे. शिवाय ७४व्या कलमाप्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं. अमेरिकेत सरसेनापती आणि सरकारचा प्रमुख एकच माणूस. म्हणून युद्धाचा निर्णय कुणाचा, ही तिकडची ओढाताण अध्यक्ष आणि काँग्रेस यांच्यात चालते. आपल्याकडे तोच प्रश्न पडला तर सरकार आणि संसद यांच्यात पडेल.

'काँग्रेस'ची अडचण वेगळीच. 'काँग्रेसने हल्ला रोखला' असा मथळा दिला की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पक्ष उभा राहतो. मी दर वेळी 'अमेरिकी काँग्रेस' लिहितो. 'अमेरिकी संसद' मला पटत नाही. संसद म्हटलं की पंतप्रधान सभागृहात बसून उत्तरं देताना दिसतो, आणि तिकडचा अध्यक्ष तर काँग्रेसचा सदस्यच नसतो.

पेडण्याहून, निवृत्त पोस्टमास्तर

फोंड्याचे म्हणतात ते बरोबर, पण 'राष्ट्राध्यक्ष म्हणजे खरी सत्ता' असं मुलांच्या डोक्यात बसवू नका. १९६१ साली पोर्तुगालला राष्ट्राध्यक्ष होते, अमेरिकू तोमाश. गोव्यातल्या फौजेनं शेवटपर्यंत लढावं असा हुकूम आला तो पंतप्रधान सालाझारचा. शब्द सत्ता दाखवत नाही, घटना दाखवते.

आणि 'युद्धा'चं म्हणाल तर आमच्या घरात तो शब्द कधी आलाच नाही. माझा धाकटा भाऊ त्या डिसेंबरातला. त्याचं वय विचारलं की आई सांगायची, "मिलिटरी आयली त्या वर्साचो." पुस्तकात मुक्ती, लष्कराच्या कागदावर 'ऑपरेशन विजय', पोर्तुगीजांच्या लेखी आक्रमण. १७ डिसेंबरच्या रात्री सुरू झालं आणि १९ला गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वा शरण आले. युद्ध कुणी पुकारलं नाही. पण डाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब पडले आणि दोन्ही बाजूंची माणसं मेली.

म्हापशाहून, वकील

पोस्टमास्तरकाका, तुमच्या त्या 'पुकारलं नाही'मध्येच सगळा कायदा आहे.

अमेरिकेची घटना लिहिली जात असताना पहिल्या मसुद्यात काँग्रेसला 'युद्ध करण्याचा' अधिकार होता. १७ ऑगस्ट १७८७ला मॅडिसन आणि गेरी या घटना लिहिणाऱ्या परिषदेतल्या दोन सदस्यांनी तिथं 'युद्ध पुकारण्याचा' असा बदल सुचवला. अचानक हल्ला झाला तर तो परतवायला अध्यक्षाचे हात मोकळे राहावेत, हा हेतू. एका क्रियापदाचा बदल, आणि त्यावर सव्वादोनशे वर्षांहून जास्त काळ वाद चालू आहे. मराठीत हा फरक किती नेमका उतरतो पाहा. आपण संप पुकारतो, बंद पुकारतो, बंड पुकारतो. चारचौघांत, मोठ्यानं, जबाबदारी घेऊन सांगितल्याशिवाय 'पुकारणे' होत नाही. 'छेडणे' आणि 'करणे' यांना असं काही लागत नाही. म्हणून 'अध्यक्षांनी युद्ध पुकारले' हे वाक्य बातमीत दिसलं की मला राहवत नाही. ते बहुतेक वेळा चूक असतं. अमेरिकेनं शेवटचं युद्ध पुकारलं ते ५ जून १९४२ला, बल्गेरिया, हंगेरी आणि रुमानियाविरुद्ध. कोरिया, व्हिएतनाम, इराक, काहीच पुकारलेलं नाही.

मग काय लिहिलं जातं? 'कारवाई'. या शब्दाची मला खरोखर भीती वाटते. वीजचोरीवर कारवाई होते, विनापरवाना बांधकामावर होते. वरच्यानं खालच्यावर, अधिकार गृहीत धरून करायची गोष्ट ती. १९४८ साली हैदराबादेत फौज गेली, तिला 'पोलीस ॲक्शन' म्हटलं, मराठवाड्यात आजही म्हणतात. १९५० साली कोरियाच्या वेळी एका पत्रकारानं 'पोलीस कारवाई म्हणायचं का?' असं विचारलं आणि तेव्हाचे अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन यांनी होकार दिला. युद्ध म्हटलं की कुणाची परवानगी घेतली हे लोक विचारतात. कारवाई म्हटलं की तो प्रश्नच सुचत नाही.

दुसरा शब्द 'ठराव'. १९७३चा तो वॉर पॉवर्स रेझोल्यूशन मराठीत 'युद्धाधिकार ठराव' म्हणून येतो. ग्रामसभेत किती ठराव होतात आणि त्यांचं पुढं काय होतं हे आपल्याला माहीत आहे, त्यामुळं वाचकाला वाटतं हाही तसलाच. प्रत्यक्षात तो कायदा आहे. तेव्हाचे अध्यक्ष निक्सन यांनी नकाराधिकार वापरला, तरी ७ नोव्हेंबर १९७३ला दोन्ही सभागृहांनी दोन-तृतीयांश मतांनी तो मंजूर केला. फौज लढाईत उतरवली तर ४८ तासांत काँग्रेसला कळवायचं, आणि मंजुरी मिळाली नाही तर ६० दिवसांत थांबायचं, फौज सुखरूप मागं घेण्यासाठी फार तर आणखी ३० दिवस. 'युद्धाधिकार कायदा' असंच लिहावं.

फोंड्याहून

मान्य. आजपासून कायदा.

डिचोलीहून

सगळ्यांचे आभार. आज फळ्यावर दोन क्रियापदं शेजारी लिहिली. पोस्टमास्तरकाकांच्या आईचं वाक्य सांगितलं तेव्हा तीन-चार मुलांनी आपल्याही घरी असंच म्हणतात म्हणून हात वर केले. आपल्या संविधानात काय आहे तेही विचारलं. युद्ध कुणी पुकारायचं हे सांगणारं वेगळं कलम मला सापडलं नाही. ३५२व्या कलमाखाली आणीबाणी जाहीर झाली तर ती महिन्याच्या आत संसदेच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर करायला हवी, एवढं सांगितलं. वकीलसाहेब, बरोबर ना?

आणि त्याच मुलीनं पुन्हा विचारलंय : "ते साठ दिवस कुठल्या दिवसापासून मोजायचे?"

म्हापशाहून

बाई, ३५२चं बरोबर आहे. तिथं दोन-तृतीयांश मतं लागतात हेही सांगा.

मुलीचा प्रश्न मात्र वकिली करण्यासारखा आहे. काँग्रेसला कळवलं, किंवा कळवायला हवं होतं, त्या दिवसापासून मोजायचे. पण कळवायची वेळ येते ती 'हॉस्टिलिटीज' सुरू झाल्या किंवा होऊ घातल्या तर. शब्दकोश इथं 'शत्रुत्व' देतात, ते अगदीच चुकीचं. शत्रुत्व मनात असतं, वर्षानुवर्षं असतं. २०११ साली लिबियात ६० दिवस उलटले तेव्हा ओबामा सरकारनं सांगितलं की आमचे सैनिक जमिनीवर नाहीत, समोरासमोर गोळीबार नाही, म्हणजे ही 'हॉस्टिलिटीज' नव्हेत. विमानं तेव्हा बॉम्ब टाकतच होती. मी 'प्रत्यक्ष लढाई' लिहितो, पण तोही शब्द त्या सरकारच्या बाजूला झुकतो असं वाटतं. पोस्टमास्तरकाका, तुमच्याकडे आणखी एखादा जुना शब्द आहे का?

पेडण्याहून

'मारामारी' म्हणायचे आमच्याकडे. वरून टाका नाहीतर समोरून, मारलं म्हणजे मारलं.