प्रतिसाद: मुलांसोबत नागपूरचे दोन दिवस
शनिवार-रविवार मिळून नागपुरातली सहा ठिकाणे सहज होतात, असे ‘मुलांसोबत नागपूरचे दोन दिवस’ या मूळ लेखात सुचवले आहे. ते मोठ्यांपुरते ठीक आहे, पण गावाहून पहाटेच्या एसटीने निघालेली मुले दुपारपर्यंत पार मलूल होतात, हा माझा अनुभव आहे. रमण विज्ञान केंद्रात पोहोचताच आधी तारांगणाची तिकिटे काढावीत, कारण तिथले खेळ ठराविक वेळीच असतात.

त्या लेखातल्या यादीत राहून गेलेले ठिकाण म्हणजे मोतीबागचे नॅरोगेज रेल्वे संग्रहालय. आमच्या दारव्ह्याकडची शकुंतला ही रेल्वेगाडी अशाच अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरून धावायची, हे सांगताच माझ्या आठ वर्षांच्या मुलीने खाली बसून रुळांमधले अंतर आपल्या वितीने मोजायला घेतले आणि तासभर ती तिथून हलली नाही. त्यापायी दोन ठिकाणे राहिली, त्याची मला जराही खंत वाटली नाही.