नववीतल्या मुलीच्या हाती रायफल: संमतीपत्रावर सही करावी का?

कोल्हापूरची आई
लेक नववीत, शाळेच्या एनसीसीत आहे. येत्या शनिवार-रविवारी फायरिंगचा सराव आहे: .२२ रायफल, पालथं पडून नेम, २५ मीटरवर कागदी टार्गेट. संमतीपत्र दोन दिवस तसंच पडून आहे. परेड, सफाई मोहीम, सगळीकडे मी आनंदाने पाठवलं. पण चौदा वर्षांच्या मुलीने खरी गोळी का झाडावी? २०१९ च्या पुरात आमच्या गल्लीत कमरेएवढं पाणी होतं. तेव्हा दोराची पक्की गाठ मारणारी, बुडालेल्याच्या छातीवर दाब देता येणारी पोरं हवी होती. नेमबाज नव्हे. त्यासाठी दोन दिवस ठेवा, डबे मी स्वतः करून देते.

जुना कॅडेट, सातारा
ताई, आमच्या वेळी वाट्याला गोळ्या यायच्या पाच. बाकी सगळा वेळ गोळीविनाच जायचा. रायफल खोलायची, जोडायची, श्वास अर्धा सोडून थांबायचं, ट्रिगर झटक्याने न ओढता हळूहळू दाबायचा. मग त्या पाच गोळ्या. उस्ताद मध्यावर किती लागल्या हे आधी विचारायचेच नाहीत, पाचही एकमेकींजवळ पडल्या का ते बघायचे. त्या पुंजक्यालाच 'ग्रुप' म्हणायचं. पाचही डावीकडे पण एकत्र असतील तर नेमाचा बिंदू बदलून भागतं. विखुरल्या असतील तर दोष तुमच्या श्वासाचा किंवा बोटाचा. स्वतःची चूक अशी कागदावर भोकं पाडून दाखवणारा दुसरा विषय मला शाळेत भेटला नाही.

शिक्षिका, पुणे
हे सगळं हवेच्या दाबाने छर्रा उडवणाऱ्या एअर रायफलवर, दहा मीटरवर शिकवता येतं. मग काडतुसं कशाला? १९६२ च्या युद्धानंतर एनसीसी सक्तीची केली होती, १९६८ मध्ये ती ऐच्छिक झाली. पण वर्गात ऐच्छिकपणा कितपत उरतो? जी मुलगी 'मला नको' म्हणते तिला बाकीच्या भित्री ठरवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

निवृत्त सुभेदार
बाई, फौजेत नेम धरण्याला आजही 'शिस्त लेना' म्हणतात. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त म्हणजे नेम. शिस्त म्हणजे चांगलं वळण, हा दुसरा अर्थ शेजारीच नांदतो. नेमबाज अंजली भागवत यांना रायफलची गोडी एनसीसीतच लागली आणि त्या सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीपर्यंत गेल्या. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिकमध्ये रायफल नेमबाजीत कांस्य मिळवलं. पोरांना दार तरी दाखवा.

शिक्षिका, पुणे
स्वप्नील घडला तो राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत, वर्षानुवर्षांच्या प्रशिक्षणातून. त्याचं पदक पाच गोळ्यांच्या शिबिराच्या खात्यावर मांडू नका. शब्दाचं म्हणाल तर शिस्त गायनाच्या रियाजातही लागते.

निवृत्त सुभेदार
प्रबोधिनीचं मान्य. पण एअर रायफल कॅडेटला सावध करत नाही. खऱ्या काडतुसाचा धक्का खांद्याला बसला की हे खेळणं नाही हे कळतं. रेंजवर लाल झेंडा चढला की कुणी हलत नाही. 'खाली कर' म्हटलं की बोल्ट (रायफलचा सरकता खटका) मागे, चेंबर, म्हणजे गोळी बसते ती जागा, रिकामं आहे का ते डोळ्यांनी तपासायचं, मगच उठायचं. सिनेमात बंदूक मिरवताना बघणाऱ्या पोरांना हे दिसायलाच हवं.

कान-नाक-घसा डॉक्टर
वाद चालू द्या, पण दोन गोष्टी आधी. .२२ चा आवाज मोठ्या रायफलीपेक्षा कमी असतो, तरी शेजारी आठ जण ओळीने झाडत असतील तर कान उघडे ठेवायचे नाहीत. आतल्या कानातल्या पेशी मेल्या की परत येत नाहीत. कापसाचा बोळा चालत नाही, इअर प्लगच हवेत. दुसरं, गोळीत शिसं असतं. हात साबणाने धुतल्याशिवाय वडापाव हातात घ्यायचा नाही.

कोल्हापूरची आई
डॉक्टर, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, संमतीपत्रातही नाही. सुभेदारकाका, 'खाली कर'चं वाचून थोडा धीर आला, खोटं का बोलू. कॅडेटदादा, लेकीला तुमचा पाच भोकांचा परिच्छेद वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "मला माझा ग्रुप बघायचाय." सही अजून केलेली नाही. उद्या सकाळी शाळेत जाऊन इअर प्लग आणि हात धुण्याच्या पाण्याचं विचारते. 'बघू' असं उत्तर आलं तर ती घरीच राहील. आणि दोरखंड-प्रथमोपचाराच्या दोन दिवसांची मागणी मी उद्याच लेखी देणार आहे, सही केली तरी आणि नाही केली तरी.