कामगंध सापळ्यांच्या नोंदींवरून फवारणीचा इशारा कसा काढावा?

प्रश्न (आर्णी, जि. यवतमाळ): गटातली मुलं कपाशीतल्या ४० कामगंध सापळ्यांतले (मादीच्या वासानं नर ओढणारे सापळे) गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजून एक्सेलमध्ये भरतात. गावाची सरासरी सापळ्यामागे रोज ३ येते, पण जिनिंग मिलजवळच्या वावरात डोमकळ्या (अळीमुळं न उमललेली, मिटलेली फुलं) दिसतात. चुकतंय कुठं?

उत्तर १: सरासरीत, भाऊ. गुलाबी बोंडअळीची धोक्याची पातळी प्रत्येक सापळ्याची आहे: रोज ८ पतंग, सलग ३ रात्री. जिनिंगमधल्या साठवलेल्या कापसातून पतंग निघतात, म्हणून तिथले सापळे वेगळेच पाहा. दुसरं, मोजणी झाली नसेल तर रकाना रिकामा ठेवा, ० टाकू नका. नाहीतर सलग रात्रींचा हिशेबच मोडतो.

उत्तर २: ल्यूर (सापळ्यातली वासाची गोळी) बदलल्याची तारीख हा रकाना हवाच. साधारण ३-४ आठवड्यांत वास संपतो आणि पतंग असूनही आकडा पडतो. सापळा पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर उंच ठेवा, पऱ्हाटी वाढेल तसा वर सरकवा.

उत्तर ३: सापळ्यात फक्त नर येतात, त्यामुळं एवढ्यावर औषधाचा खर्च करायला लावू नका. इशारा आला की त्या वावरात वेगवेगळ्या झाडांची २० हिरवी बोंडं चिरा. दोनांत अळी किंवा अळीची खूण दिसली, म्हणजे १० टक्के, की फवारणी. हा निकालही त्याच ओळीत भरा, पुढच्या हंगामात इशारा किती खरा ठरला ते तपासता येईल.